अर्धी बादली

फोटोत एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. दोन्ही हात वर, चेहरा अर्धा चादरीआड, दुपारचं ऊन मागच्या भिंतीवरून तिरपं उतरलेलं. आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल प्लॅस्टिकची बादली. तीही धड अख्खी नाही. अर्धी फोटोत, अर्धी बाहेर. मी प्रिंट हातात घेतला, दोन-तीन सेकंद पाहिला आणि म्हणालो, "ती बादली तेवढी काप. उगीच लक्ष तिकडे जातंय."

फोटो काढणारा मुलगा आमच्या गटात नवा होता. त्यानं मान डोलावली, खिशातून छोटी वही काढून लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात तोच फोटो बादली कापून पुन्हा आणला. "आता कसं, एकदम स्वच्छ!" असं कुणीतरी म्हणालं. मीही म्हणालो. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली, हे कबूल करायला हरकत नाही.

तो स्वच्छ प्रिंट माझ्याकडेच राहिला होता. सहा-सात महिन्यांनी जुना पसारा आवरताना हाती आला आणि मला ओळखूच येईना. कुणाचा हा? दोरी, कपडे, बाई. असे फोटो ढिगानं पाहिलेत. मग एकदम बादली आठवली आणि तिच्याबरोबर अख्खा पहिला फोटो डोळ्यांपुढे आला. दोरीच्या उजव्या टोकाला एक लाल टॉवेल होता. बादलीच्या लाल रंगापासून नजर निघायची, बाईच्या वर गेलेल्या हातांवरून पुढे सरकायची आणि त्या टॉवेलपाशी जाऊन थांबायची. बादली रिकामी होत चाललीय आणि दोरी भरत चाललीय, एवढी साधी गोष्ट त्या फोटोत घडत होती. बादली गेल्यावर नजरेला निघायला ठिकाणच उरलं नाही. टॉवेल नुसता लटकत राहिला.

"लक्ष तिकडे जातंय" हे मी म्हणालो ते खरंच होतं. जात होतंच. पण जायला नको, हे मी कुठून काढलं?

आम्ही आठ-नऊ जण महिन्यातून एकदा भेटतो. पोटापाण्याचे उद्योग निरनिराळे, फोटोग्राफी हा निव्वळ हौसेचा मामला. प्रत्येकानं दोन फोटो छापून आणायचे, फोनवर दाखवायचे नाहीत, एवढा एकच नियम आम्ही कटाक्षानं पाळतो. फोनच्या पडद्याचा उजेड ज्याचा त्याचा निराळा. एकाला सावलीतला चेहरा दिसतो, दुसऱ्याला तिथं नुसता काळा डाग, आणि मग दोघं तावातावानं दोन वेगळ्याच फोटोंवर भांडत बसतात. शिवाय फोन हातात आला की बोटं आपसूक फोटो मोठा करून पापणीचे केस शार्प आलेत का ते तपासायला लागतात. प्रिंट टेबलावर पडून असतो. त्याच्याकडे बघण्यावाचून दुसरं काही करता येत नाही.

कॅमेरा हाताळायला मी वर्षभरात शिकलो असेन. दुसऱ्याच्या फोटोबद्दल बोलायला अजून शिकतोय.

सुरुवातीला सगळेच "छान" म्हणतात. "छान"ला मी नावं ठेवणार नाही. नव्या माणसाला पहिले दोन-तीन महिने तेवढं पुरतं, नाहीतर तो चौथ्या महिन्यात यायचाच नाही. पण "छान" ऐकून माणूस घरी गेला की त्याच्या हाती काय लागतं? काय छान होतं, ऊन की हात की ती बादली? ते कळलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा करायचं काय, हेही कळत नाही. आणि फोटो बघून पहिला प्रश्न "कॅमेरा कुठला?" असा आला, तर समोरच्याचं फोटो बघून झालेलं नाही असं खुशाल समजावं.

"छान"नंतर येतात चुका. क्षितिज कललंय. माणसाच्या डोक्यातून खांब उगवलाय. आभाळ जळालंय, म्हणजे उजेड जास्त होऊन पांढरंफटक झालंय. हात हललाय. फोकस डोळ्यावर हवा तो कानावर गेलाय. हे सगळं सांगावं, आणि नवशिक्याला तर आवर्जून सांगावं, कारण एका वाक्यात त्याचे सहा महिने वाचतात. ५० मिलिमीटरची लेन्स हातात धरून काढायचं तर शटर निदान एक-पन्नासांश सेकंदाचं ठेव, लेन्स लांब पल्ल्याची असेल तर त्या हिशेबानं आणखी वेगवान; हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी अजून संध्याकाळचे सगळे फोटो का हलतात म्हणून कपाळाला हात लावून बसलो असतो. जळालेल्या ढगांचंही तेच. सावलीत दडलेलं थोडंफार नंतर उजळून वर काढता येतं, पण जिथं पांढरं पूर्ण पांढरं झालं तिथं काही नोंदलंच गेलेलं नसतं. संगणकावर कितीही खटपट करा, तिथं फार तर करडा रंग येईल, ढग यायचा नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ते सांगणं हा निखळ उपकार आहे.

घोटाळा होतो तो पुढे. या चुका सांगायला सोप्या असतात. त्यावर वाद होत नाही, क्षितिज कललेलं असतं म्हणजे असतंच. त्या सांगणारा शहाणा दिसतो. आणि खरं म्हणजे त्या फोटोकडे न बघताही सांगता येतात. कडेला काय कापलं गेलंय, मधोमध काय आलंय, आडवं काय सरळ नाही, एवढं तपासायला दोन-तीन सेकंद पुष्कळ झाले. मला तेवढेच लागले होते.

यातला सगळ्यांचा लाडका म्हणजे रूल ऑफ थर्ड्स. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडा आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेघांवर ठेवा. हल्ली कॅमेऱ्यातच त्या रेघा दिसतात, त्यामुळे तो कॅमेऱ्याबरोबरच जन्मला असावा असं वाटतं. वास्तविक हे नाव जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली दिलं, तेही निसर्गचित्रं रंगवणाऱ्यांसाठी, आभाळाला किती जागा द्यावी आणि जमिनीला किती अशा प्रमाणांबद्दल बोलताना. फोटोग्राफीची जगाला जाहीर ओळख झाली १८३९ मध्ये. म्हणजे आमच्या टेबलावर सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा नियम फोटोग्राफीहून बेचाळीस वर्षांनी थोरला आहे. तो चुकीचा आहे असं नाही. नव्यानं हाती कॅमेरा आलेला माणूस सगळं मधोमध ठेवतो, त्याला जरा हलवायला तो बरा. पण "विषय मधोमध आलाय" ही तक्रार झाली कशी? मधोमध आला म्हणून फोटोचं काय झालं, तो गप्प झाला, की ठाम झाला, हे कुणी सांगायचं?

जुलिया मार्गारेट कॅमेरॉन हे नाव मला अशा वेळी हटकून आठवतं. ही आपल्यासारखीच हौशी बाई. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेली. १८६३ च्या अखेरीस मुलीनं आणि जावयानं तिला कॅमेरा भेट दिला, तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. घरात मोलकरणींपासून नामांकित कवी-शास्त्रज्ञांपर्यंत जो हाताशी येईल त्याला तिनं समोर बसवलं. ओल्या काचेवर फोटो काढायचे दिवस, माणसाला काही मिनिटं निश्चल बसावं लागायचं, आणि तिचे चेहरे धूसर यायचे. फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी तिला झोडपलं. फोकस नाही, काचांवर चरे आहेत, डाग आहेत, हातकाम गचाळ आहे.

मला गंमत वाटते ती ही, की यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फोकस नव्हताच. चरे होते, बोटांचे ठसेसुद्धा होते. आज तेच फोटो पाहताना ते सगळं आपल्यालाही दिसतं. तिनं स्वतः नंतर लिहून ठेवलंय की फोकस जुळवता जुळवता डोळ्यांना सुंदर दिसेल अशा ठिकाणी ती थांबायची. इतर जण जसे आणखी नेमका फोकस येईपर्यंत लेन्स फिरवत राहतात, तशी फिरवायची नाही. १८६४ मध्ये तिनं जॉन हर्शेल यांना पत्रात विचारलं की फोकस म्हणजे काय, आणि कुठला फोकस खरा हे ठरवायचा अधिकार कुणाला? हर्शेल म्हणजे फोटोग्राफीला 'निगेटिव्ह' हा शब्द देणारे शास्त्रज्ञ, तिचे जुने स्नेही. प्रश्न बरोबर माणसाला विचारला होता. पुढच्याच वर्षी लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियमनं तिचे फोटो विकत घेतले.

टीकाकारांना जे दिसलं ते बरोबर दिसलं. "चेहरा धूसर आहे" इथपर्यंत ते फोटोकडे पाहत होते, "म्हणून फोटो वाईट आहे" हे म्हणताना त्यांनी पाहणं सोडलं आणि पुस्तक उघडलं. मी बादलीच्या बाबतीत अगदी हेच केलं होतं. कडेला काही अर्धवट आलं की कापायचं, असं कुठंतरी वाचलेलं डोक्यात होतं, ते तोंडातून बाहेर पडलं. (लगेच कुणी "माझाही फोकस मुद्दामच गेलाय, कॅमेरॉनसारखा" म्हणू नये. आमच्याकडे एक गृहस्थ तीन वर्षं हेच सांगतायत. ती सुंदर दिसल्यावर थांबायची. हे चष्मा घरी विसरतात.)

दुसरी आठवण याहून कडू आहे. अमेरिकेत १९३५ पासून रॉय स्ट्रायकर नावाचा अधिकारी एका सरकारी खात्याच्या फोटोग्राफरांचा प्रमुख होता. मंदीच्या काळात कंगाल झालेल्या शेतकऱ्यांची अवस्था टिपण्यासाठी त्यानं एकाहून एक फोटोग्राफर देशभर पाठवले. ते फिल्म पाठवायचे आणि हा निवडायचा. जो फोटो नापसंत, त्याच्या निगेटिव्हला काही काळ चक्क पंचनं भोक पाडलं जायचं. निगेटिव्हमधल्या भोकातून सगळा उजेड आरपार जातो, म्हणून छापल्यावर तिथं काळीकुट्ट चकती उमटते. त्या भोक पाडलेल्या निगेटिव्ह अजून जपून ठेवलेल्या आहेत आणि त्यांचे प्रिंट पाहता येतात. शेतात उभा माणूस, आणि चेहऱ्याच्या जागी काळा सूर्य. फोटोग्राफरांनी आरडाओरडा केल्यावर काही वर्षांनी ते भोकं पाडणं थांबलं.

त्याच खात्यासाठी डोरोथिया लँजनं १९३६ साली कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित आईचा फोटो काढला. हनुवटीशी हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. हा फोटो न पाहिलेला माणूस विरळा. त्यात उजवीकडे खाली, तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. लँजला तो खुपत होता. काही वर्षांनी तिनं निगेटिव्हवर काम करवून तो अंगठा काढून टाकला, आणि यावर चिडलं कोण? स्ट्रायकर! खऱ्या नोंदीत ढवळाढवळ केली म्हणून. दुसऱ्यांच्या निगेटिव्हला भोकं पाडणाऱ्या माणसाला एक अंगठा पुसलेला सहन झाला नाही. नीट पाहिलं तर त्या जागी अंगठ्याची पुसट सावली अजून दिसते.

हा अंगठा राहायला हवा होता की नको, यावर आमच्या टेबलाभोवती एकदा पूर्ण संध्याकाळ गेली. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मी तेव्हा "नको" वाल्यांत होतो. आज विचाराल तर सांगता येत नाही. पण एक फरक तेव्हाही जाणवला होता. अंगठा तिनं स्वतःच्या फोटोतून काढला. भोकं दुसऱ्यानं पाडली. आपण कुणाच्या फोटोबद्दल ठणकावून बोलतो, तेव्हा आपल्या हातात पंच नसतो हे खरं. तरी समोरचा नवा असला, आपल्याला "दादा, दादा" म्हणत असला, तर तो आपणहून भोक पाडून घेतो.

आमच्या गटात एक बाई आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्या पिशवीत काळ्या जाड कागदाचे दोन तुकडे असतात, इंग्रजी एल अक्षरासारखे कापलेले. ते एकमेकांवर उलटसुलट ठेवले की मध्ये चौकट तयार होते, हवी तशी लहानमोठी करता येते. बाई प्रिंटवर ते तुकडे सरकवत बसतात, आणि बोलत नाहीत. कधी प्रिंट उलटा फिरवतात, डोकं खाली पाय वर. उलटा फोटो पाहिला की माणूस, झाड, घर असं काही वाचता येत नाही, नुसते उजेडाचे आणि काळोखाचे आकार दिसतात आणि कुठली बाजू जड झालीय ते पटकन कळतं.

त्यांची बोलायची एक पद्धत आहे. ज्याचा फोटो आहे त्यानं आधी गप्प बसायचं. बाकीच्यांनी एवढंच सांगायचं की पहिल्यांदा काय दिसलं, तिथून नजर कुठे गेली, आणि कुठे अडकली. चांगलं-वाईट म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. पहिल्याच वाक्यात "मला वाटतं इथं जरा..." सुरू होतं आणि बाई बोट वर करतात. आणि गप्प बसणाऱ्याचे हाल तर विचारू नका. आपण ज्या उडत्या पक्ष्यासाठी पहाटे चारला उठलो तो पाच माणसांना दिसलाच नाही, पाचही जण खालच्या पांढऱ्या दगडाबद्दल बोलतायत, आणि आपण तोंडाला कुलूप लावून बसलोय! पण त्या पाच मिनिटांत जे कळतं ते कुणी समजावून सांगून कळत नाही. पक्षी माझ्या डोक्यात होता. कागदावर दगड होता.

मग बाई विचारतात, "तुला काय दाखवायचं होतं?" आणि शेवटी, जवळजवळ दर वेळी, "तू कुठे उभा होतास?"

हा दुसरा प्रश्न मी पुष्कळ महिने हसण्यावारी नेला. मला तो लागला तो असा. एका जिन्याचा फोटो मी काढला होता, आणि खरं सांगतो, माझा त्यावर जीव होता. दगडी पायऱ्या, एका बाजूच्या झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात नेमका पाय टाकणारा पाठमोरा म्हातारा, दोन्ही हातांत जड पिशव्या. पिशव्यांच्या बंदांनी बोटं पांढरी पडलेली, तीसुद्धा दिसत होती. सगळ्यांनी वाहवा केली. बाईंनी एल लावून पाहिले, काढून ठेवले, आणि विचारलं,

"तू कुठे उभा होतास?"

"रस्त्याच्या पलीकडे."

"का रे?"

मी लेन्सबद्दल बोलायला लागलो. २०० मिलिमीटर होती, लांबून काढलं की पायऱ्या एकमेकींवर रचल्यासारख्या दाबून येतात, पट्टा भरीव दिसतो, वगैरे. यातलं सगळं खरं होतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गेले आठ महिने तुझे फोटो बघतेय. एकाही फोटोत कुणी तुझ्याकडे बघत नाही."

मला राग आला. त्या रात्री घरी जाऊन वर्षभराचे फोटो उघडले, त्यांना खोटं पाडायच्याच इराद्यानं. पाठी, पाठी, खाली घातलेल्या माना, खिडकीतून दुसरीकडे बघणारे चेहरे. एका फोटोत एक कुत्रा माझ्याकडे बघत होता.

मला माणसांचे फोटो काढायला आवडतात असं मी सगळ्यांना सांगत असे. मला माणसांची भीती वाटत होती आणि २०० मिलिमीटरची लेन्स ही त्या भीतीची सोय होती, हे मला माहीत नव्हतं. जवळ जा, जवळ जा, हे मी शंभरदा वाचलं होतं. त्यानं काही झालं नव्हतं. ते कुणालाही लागू होणारं वाक्य होतं. बाईंचं माझ्या आठ महिन्यांच्या सोळा प्रिंटांमधून आलं होतं. कान सोनारानंच टोचावे म्हणतात ना, त्याचा अर्थ मी इतके दिवस कसब असा घेत होतो. सोनार आधी कानाची पाळी चाचपून बघतो, हे लक्षात आलं नव्हतं. आणि बाई थांबल्या होत्या. पहिल्या महिन्यात त्या हे बोलल्या असत्या तर मी गट सोडला असता.

पुढचे तीन महिने मी लांबची लेन्स घरी ठेवली. फोटो वाईट आले. लोक कॅमेऱ्याकडे बघून ताठ व्हायचे, मी त्यांच्याहून ताठ. ते ताठ फोटोसुद्धा टेबलावर ठेवले. गटातल्या एकानं सांगितलं की चेहरे ओळखपत्रावरच्यासारखे आलेत. बाई म्हणाल्या, "येऊ देत."

"मी असतो तर जरा खाली बसून काढला असता," असं म्हणणाऱ्यांशी माझं अजून जमत नाही. हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. डोंगर उद्याही तिथंच असतो, तिथं खाली बसायचा सल्ला कामाचा आहे. पण जिन्यावरचा म्हातारा निघून गेलाय. अन्सेल अॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरच्या न्यू मेक्सिकोतल्या चंद्रोदयाच्या फोटोची हकीगत प्रसिद्ध आहे. १९४१ साल, सूर्य मावळत आलेला, खालच्या दफनभूमीतले क्रूस अजून उजळलेले, आणि याला प्रकाशमापक सापडेना. चंद्राचा तेजस्वीपणा किती असतो ते पाठ होतं, त्यावरून हिशेब करून त्यानं एक फोटो घेतला. दुसरा घेण्याआधी क्रुसांवरचं ऊन गेलं. आता त्याला "दोन-चार जास्त काढून ठेवायचे" असं सांगणार का? पण त्याच एका निगेटिव्हवरून तो पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला, आणि जसजसा काळ गेला तसतसं त्याच्या प्रिंटमधलं आभाळ अधिकाधिक काळं होत गेलं. तेव्हा "आभाळ आणखी गडद करून बघ" हे सांगण्यात अर्थ आहे. निदान बोलण्याआधी एवढा तरी विचार करावा की मी म्हणतोय ते हा माणूस आता करू शकतो का, पुढच्या वेळी करू शकतो का, की कधीच नाही. कधीच नसेल, तर ते आपण त्याच्यासाठी बोलत नाही.

आणि काही फोटोंबद्दल बोलूच नये. ओळखीच्या एकानं फोनवर नव्या बाळाचा फोटो दाखवला, तर मी म्हणालो, "फ्लॅश समोरून मारलास ना, चेहरा चपटा आलाय." त्याचं तोंड अजून आठवतं. त्यानं मला फोटो दाखवला नव्हता, बाळ दाखवलं होतं.

तर त्या बादलीचं. स्वच्छ प्रिंट सापडल्यावर मला राहवेना. पुढच्या भेटीत त्या मुलाला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "अरे, तो कपडे वाळत घालणारीचा फोटो. मी तुला बादली काप म्हणालो होतो, ते माझं चुकलं. ती बादली हवी होती." मग त्याला सगळं सांगितलं, लाल टॉवेल, वर गेलेले हात, रिकामी होणारी बादली. बरंच रंगवून सांगितलं असणार.

त्यानं मन लावून ऐकलं. वही काढली नाही, हे माझ्या लक्षात आलं. मग जरा ओशाळून म्हणाला, "दादा, खरं सांगू? बादली मी मुद्दाम घेतलीच नव्हती. तुम्ही म्हणालात तेव्हा मला पहिल्यांदा दिसली."

मी काय बोलणार! आधी त्याला न दिसलेली बादली मी कापायला लावली होती, आणि आता तीच त्याच्या गळ्यात मारत होतो.

सुदैवानं मूळ फाईल त्यानं पुसली नव्हती. पुढच्या महिन्यात तो दोन्ही प्रिंट घेऊन आला, बादलीसकट आणि बादलीशिवाय, आणि शेजारी शेजारी ठेवून दिले. स्वतः काही बोलला नाही. पुन्हा निम्मे इकडे, निम्मे तिकडे. एकानं चौकोनी कापून बघायला सुचवलं. एकाला बादलीपेक्षा टॉवेलच खुपत होता. चष्मा विसरणाऱ्या गृहस्थांना सगळंच थोडं धूसर असतं तर आवडलं असतं. मी गप्प बसलो, आणि ते मला फार जड गेलं.

बाईंनी बादलीवाला प्रिंट ओढून घेतला, एल लावले, काढले. उलटा फिरवला, पुन्हा सुलटा केला. मग मान वर करून त्याला विचारलं,

"तू कुठे उभा होतास?"

"पायरीवर. बादली माझ्या पायाशीच होती."

"एक पाऊल मागे का नाही गेलास? अख्खी आली असती."

"मागे भिंत होती, बाई."

बाईंनी एल पिशवीत ठेवले आणि प्रिंट पुन्हा जवळ ओढला.